निंभोरकरांचं घंगाळ

डॉ. निंभोरकर चहात आधी थर्मामीटर घालत आणि मग साखर. अमरावतीच्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मी रुजू झालो त्या सकाळी त्यांनी माझ्यासाठीही चहा मागवला, माझ्या कपात काचेची लांब नळी बुडवली, डोळे बारीक करून पारा पाहिला आणि म्हणाले, "थांबा जरा. तोंड पोळन." मग नळी रुमालाला पुसून खिशात ठेवली. ही नळी त्या सकाळी आणखी कशाकशात बुडून आली असेल हा विचार मला सुचला, तेव्हा माझा अर्धा कप पिऊन झाला होता.

मी साताऱ्याकडचा. नवं राज्य झाल्यावर इकडची माणसं तिकडे आणि तिकडची इकडे पाठवायची जी हौस सरकारला आली, तीत मी वऱ्हाडात येऊन पडलो. आल्यावर ऑपरेशनच्या खोलीतही दोनदा पडलो, चक्कर येऊन. सिव्हिल सर्जन पुण्याचे आणि अतिशय सभ्य. माझ्यासारख्या नाजूक माणसांसाठीच वैद्यकशास्त्राने पॅथॉलॉजी ही शाखा काढली आहे, असं त्यांनी मला फार सहानुभूतीने समजावलं आणि निंभोरकरांच्या हवाली केलं. पॅथॉलॉजी म्हणजे रक्त, लघवी, थुंकी आणि वाईट बातमी यांचं खातं. पहिल्या तीन गोष्टी लोक आणून देत आणि चौथी आम्ही त्यांना परत देत असू.

निंभोरकर नागपूरला शिकलेले, मुंबईला पुढची पदवी घेतलेले, इंग्रजी मासिकं पोस्टाने मागवणारे. बोलत मात्र सगळ्यांशी वऱ्हाडीत. पेशंटशी वऱ्हाडीत, कलेक्टरशी वऱ्हाडीत, आणि सिव्हिल सर्जनशी तर जरा जास्तच वऱ्हाडीत. सिव्हिल सर्जनना त्यांचं प्रत्येक वाक्य अपमानासारखं लागे, आणि बहुतेक वेळा ते असेही. एकदा एका रिपोर्टला उशीर झाला म्हणून साहेबांनी खुलासा मागितला. निंभोरकर म्हणाले, "रक्त सुकून राह्यलं, साहेब. त्याले मेमो द्या."

त्यांचं एक पालुपद होतं, "पाहून सांग, आयकून नको सांगू." मी कुठलंही वाक्य 'असं म्हणतात की' अशा थाटात सुरू केलं की ते सूक्ष्मदर्शकाकडे बोट दाखवायचे. बाहेर फार ऊन आहे असं म्हणण्याची सोय नव्हती. थर्मामीटर घेऊन व्हरांड्यात जावं लागे. पेशंटचीही सुटका नसे. परतवाड्याच्या एका सावकाराने येऊन आपल्याला क्षय झाल्याचं जाहीर केलं, तर यांनी विचारलं, कोण म्हणे? सावकार म्हणाला, सारं गाव म्हणते. "मंग गावाचीच थुंकी आना," असं म्हणून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

या माणसाच्या डोक्यात जे खूळ शिरलं, ते धारणीच्या एका पेशंटमुळे. मेळघाटातल्या एका खेड्यातला तो मजूर रक्ताच्या कर्करोगाने वॉर्डात पडलेला होता. प्लीहा पार बेंबीपर्यंत आलेली, आणि आमच्याजवळ द्यायला सहानुभूतीखेरीज काही नाही. त्यात त्याला जंगलातला हिवताप उलटला. बरेच दिवस तो रोज संध्याकाळी भट्टीसारखा तापायचा. ताप उतरल्यावर निंभोरकरांनी त्याचं रक्त पाहिलं आणि मला हाक मारली. रोगाच्या पेशी निम्म्याहून कमी झाल्या होत्या. महिन्याभराने त्या परत आल्या आणि तो माणूस गेला. बाकी डॉक्टरांनी याला योगायोग म्हटलं. योगायोग हा आमच्या धंद्यातला फार सोयीचा शब्द आहे, तो लिहिला की फाइल बंद करता येते. निंभोरकरांनी ती बंद केली नाही.

त्यांचा तर्क साधा होता. रक्त तयार होतं हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत. ही गोष्ट वऱ्हाडी माणसाला समजवायला त्यांना पुस्तक लागत नसे. मटणातली नळी चोखता ना, त्यातलं ते, एवढं सांगितलं की काम होई. शाकाहारी सिव्हिल सर्जनसमोरही ते हाच दाखला देत आणि साहेब रुमाल नाकाला लावत. रोग त्या मगजात. परदेशात काही डॉक्टर माणसाचा मगज काढून ठेवून, अंगावर जबर क्ष-किरण सोडून आतला उरलेला रोग जाळत आणि काढलेला मगज शिरेतून परत देत, असं मासिकांत येऊ लागलं होतं. अडचण एकच, परत देतात त्या मगजातही रोग असतोच. निंभोरकरांचं म्हणणं, बाहेर काढलेला मगज तासभर नेमका तापवा. रोगाच्या पेशी हावरट आणि उतावळ्या, त्या आधी मरतील. चांगल्या तग धरतील. "सातारकर," ते मला म्हणाले, "आपला मानूस शेहेचाळीस डिग्रीत लग्न करते, वरात काढते, बुंदी खाते. त्याच्या पेशी काय पुन्याच्या हायेत, बेचाळीसमंदी मराले?"

तापवायचं कशात, हा प्रश्न होता. तापमान आपोआप राखणारं यंत्र सरकारकडे मागितलं तर सरकारने ते कशासाठी हवं असं विचारलं, आणि निंभोरकरांनी खरं कारण लिहिल्यामुळे ते आलं नाही. मग त्यांच्या घरून तांब्याचं घंगाळ आलं. बायकोच्या माहेरचं, लग्नात आलेलं, चांगलं जाड. त्याच्याखाली स्टोव्ह, आत पाणी, पाण्यात लाकडी चौकटीवर काचेच्या नळ्या. पारा साडेबेचाळीसवर तासभर धरून ठेवायचा, वर गेला तर गार पाणी घालायचं आणि खाली आला तर स्टोव्हला पंप मारायचा. हे काम माझं. आई गावी शेजारणींना सांगत असे की मुलगा कर्करोगावर संशोधन करतो. मी वाटीने घंगाळात पाणी घालत होतो, एवढाच तपशील तिने गाळला होता.

तासाभराने नळीतला थेंब काढून त्यात निळा रंग घालायचा. मेलेली पेशी रंग पिते आणि निळी होते, जिवंत पेशी रंग आत घेत नाही. चांगला मगज हवा म्हणून निंभोरकर स्वतःच टेबलावर आडवे झाले आणि छातीच्या हाडात सुई घालायला मला सांगितलं. मी पांढरा पडलेला पाहून त्यांनी झोपल्या झोपल्या सूचना दिली, "पडाचं असन तं माह्या अंगावर नको पडू. तिकडे पड." मी पडलो नाही. त्यांच्या मज्जेत मी पुढे इतक्यांदा सुई घातली की माझी चक्कर कायमची गेली, हा त्या संशोधनाचा एक फायदा मात्र निर्विवाद होता.

रोगी मगज यायचा अकोल्याहून. तिथले डॉ. म्हैसने रक्ताचे विकार पाहत आणि त्यांच्याकडे असे पेशंट जमलेले असत. मगज मिळतो चार-सहा थेंब. त्यातला एक थेंब म्हैसने तिथेच रंग घालून पाहत आणि पेशी जिवंत आहेत अशी चिठ्ठी लिहीत. उरलेले थेंब, गोठू नयेत म्हणून औषध घातलेल्या कुपीत, कापसात गुंडाळून, टिनच्या डब्यात घालून सकाळच्या मोटारीने आमच्याकडे रवाना करत. आम्ही ते लगेच घंगाळात सोडत असू. पोचल्यावर पुन्हा थेंब पाहण्यात माल वाया कशाला घालवा, म्हैसने तर पाहतातच, असा हिशोब होता. 'पाहून सांग, आयकून नको सांगू' हे वाक्य त्या काळातही आमच्या खोलीत घुमत होतं. आम्हा दोघांपैकी कोणाच्याही कानांवर ते पडलं नाही.

निकाल झकास येऊ लागले. निंभोरकरांचा मगज तासभर तापून निघाला तरी जिवंत, अकोल्याचा रोगी मगज पार निळा. एकदा नव्हे, पुन्हापुन्हा. गावातल्या साप्ताहिकाने 'उष्णतेने कर्करोगावर मात' असा मथळा छापला आणि आमचं हसं होण्याला शास्त्रीय पाठबळ मिळालं. लोक गरम पाण्याच्या पिशव्या घेऊन दारात येऊ लागले. एका वैद्याने हाच शोध आपल्या आजोबांनी लावल्याचं सांगितलं. एक गृहस्थ मे महिन्यात तीन दिवस गच्चीवर उघड्या अंगाने बसले आणि मग उष्माघाताने आमच्याच वॉर्डात आले. आणि ज्या सिव्हिल सर्जननी घंगाळाला न्हाणीघर म्हटलं होतं, ते आता पाहुण्यांना आमच्या खोलीत आणून 'आमचं संशोधन' दाखवू लागले.

या सगळ्या गमतीत एक माणूस गंमत म्हणून उभा नव्हता. सुशीलाबाई तायडे. अकोल्याच्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका, वय तिशीच्या आत. वडील गिरणीत. छप्पन साली सगळं कुटुंब नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेलं, आणि त्यानंतर त्या वस्तीतून शिकून मास्तरीण झालेली ही पहिली मुलगी. रक्ताचा कर्करोग, पण सावकाश चालणारा. त्याला गोळ्या होत्या. गोळ्यांनी रोग दबे, माणूस उठून कामाला लागे, आणि दोन-तीन वर्षांनी कधीतरी गोळ्या चालेनाशा होत. मग फार दिवस नसत. हे सुशीलाबाईंना ठाऊक होतं. त्यांनी ते म्हैसन्यांकडून वदवून घेतलं होतं. त्यांचाही मगज आमच्या घंगाळात निळा झाला होता. निंभोरकर बहुतेक पेशंटांना अरे-तुरे करत, पण त्यांना 'बाई' आणि 'तुमी' म्हणत. पोरांना शिकवणाऱ्या माणसाशी नीट बोलावं, एवढी एक रीत ते पाळत.

मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात क्ष-किरणांचं जबर यंत्र होतं. निंभोरकरांनी तिथल्या प्रमुखांना निकाल कळवले. पहिल्या वेळी त्यांनी घंगाळ म्हणजे काय, असं विचारलं. नंतर मात्र ते चक्क तयार झाले. पेशंट पाठवा, मगज काढू, तुम्ही या आणि तुमच्या पद्धतीने तापवा, मग किरण देऊ आणि मगज परत देऊ. सुशीलाबाईंना विचारायचा अवकाश, त्यांनी हो म्हटलं. उन्हाळ्याच्या सुट्टीला जोडून शाळेतून रजा मिळाली, तिकिटं काढली गेली. अकोल्याच्या डॉक्टर मंडळींनी त्याच आठवड्यात निंभोरकरांचा सत्कार ठेवला. काम होण्याआधी सत्कार उरकून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे, कारण काम झाल्यावर तो करता येईलच याची खात्री नसते.

अकोल्याला निंभोरकर नेहमी बडनेऱ्याहून रेल्वेने जात. त्या दिवशी गाडी तासन्‌तास उशिरा होती म्हणून आम्ही मोटारीच्या अड्ड्यावर गेलो. हीच ती खासगी मोटार, जिच्यातून आमचा डबा यायचा. ड्रायव्हर करीमभाईंनी डॉक्टरसाहेब येताना पाहून खाली उडी मारली, पुढच्या बाकावर बसलेल्या दोघांना उठवलं आणि आम्हाला बसवलं. रिकामा डबा निंभोरकरांच्या मांडीवर होता, म्हैसन्यांना परत द्यायचा. करीमभाईंनी तो अदबीने हातातून काढून घेतला. त्या जुन्या मोटारींत इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच असे आणि त्यावर लोखंडी झाकण. करीमभाईंनी झाकणावर चिंधीची घडी ठेवली, घडीवर डबा ठेवला आणि हात जोडले.

"फिकर करू नका, साहेब," ते म्हणाले. "तुमचा डबा आजलोक कदी लोकाच्या पायाखाली जाऊ देल्ला नाई म्या. दवाखान्याचा माल हाये. इज्जतीनं येथंच ठेवतो, कोनाले हात लावू देत नाई."

मोटार निघाली. निंभोरकर डब्याकडे पाहत बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी खिशातून थर्मामीटरची नळी काढली, डब्याचं झाकण उचललं आणि ती आत उभी केली. मे महिना, दुपार, आणि खाली तापलेलं इंजिन. मी पारा वर जाताना पाहिला. बेचाळीस मागे पडलं, पंचेचाळीस मागे पडलं, मूर्तिजापूर यायच्या आत तो पन्नासच्या वर होता. मला कळायला तेवढा वेळ लागला. अकोल्याहून निघताना जिवंत असलेल्या पेशी आमच्याकडे यायच्या त्या मरूनच. घंगाळाने काही केलं नव्हतं. निंभोरकरांचा मगज जिवंत राहत होता, कारण त्याला मोटारीने प्रवास करावा लागत नव्हता, तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर येत होता.

अकोल्यापर्यंत ते एकदाच बोलले. "त्यानं मान देल्ला, सातारकर. मी पाह्यलं नाही."

सत्काराला हॉल भरलेला. हार, शाल, नारळ. सिव्हिल सर्जन खास अमरावतीहून आलेले. व्यासपीठावर चढण्याआधी निंभोरकरांनी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं. ते वाईट गृहस्थ नव्हते, फक्त प्रसंग निभावून नेण्याची त्यांना सवय होती. ते म्हणाले, तुमचा मुद्दा मला पटतो, पण आज नको. मुंबईची तारीख ठरली आहे. निकाल चुकीने आले म्हणून ते चूकच असतील असं थोडंच आहे. कदाचित मुंबईत उपाय लागूही पडेल. तशीही त्या बाईंना किती वर्षं आहेत? हे शेवटचं वाक्य त्यांनी फार हळू म्हटलं. निंभोरकर तसेच वर जाऊन उभे राहिले.

भाषणात त्यांनी सरळ सांगितलं की पेशी घंगाळाने मारल्या नाहीत, मोटारीच्या इंजिनाने मारल्या, आणि तपासायचं काम त्यांचं स्वतःचं होतं, ते त्यांनी केलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ही नम्रता आहे असा सगळ्यांचा समज झाला. त्यांनी पुन्हा सांगितलं, तर अध्यक्षांनी खऱ्या शास्त्रज्ञाचा विनय कसा असतो यावर चार शब्द बोलून घेतले. तिसऱ्यांदा ते ओरडलेच, "अहो, खोटं हाये हे सारं. परत घ्या तो हार." तेव्हा कुठे हॉल गप्प झाला. नारळ मात्र संयोजकांनी माझ्या हातात दिला. परत कोणाला द्यायचा हे मला न कळल्यामुळे तो मी पुढे दोन तास वागवत होतो.

तसाच नारळ घेऊन मी त्यांच्या मागोमाग सुशीलाबाईंच्या घरी गेलो. ट्रंक भरून दाराशी ठेवलेली. निरोप द्यायला वस्तीतली माणसं आलेली. वडिलांनी जयभीम घालून खाट पुढे केली. निंभोरकर बसले नाहीत. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं, कुठलाही शब्द मऊ न करता. मुंबईला तुमच्या अंगातला सगळा मगज जाळतील. मग मी जो परत देईन तो बरा आहे, रोगी आहे, का मेलेला आहे, हे मला ठाऊक नाही. मी समजत होतो की ठाऊक आहे. जाऊ नका.

सुशीलाबाईंनी दाराशी ठेवलेल्या ट्रंकेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमी मले आशा काहून लावली?"

निंभोरकरांनी मान खाली घातली.

"गोळ्या खाऊन मी नीट चालली होती. मरनाची सवय करून घेतली होती म्या. तुमी येऊन ते मोडलं. आता मी पुन्हा पयल्यापासून सवय करू का?"

वडील तिला गप्प करू लागले, तर निंभोरकरांनीच त्यांना हाताने थांबवलं. बोलू द्या, ते म्हणाले. त्या बोलल्या, आणि ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं. चहा आला. त्यांनी तो तसाच, न मोजता, घटाघटा प्याला. त्यांचं तोंड पोळलं असणार, पण त्यांना ते कळलं असेल असं मला वाटत नाही. तेव्हा प्रथमच मला त्यांची दया आली. माझ्या सगळ्या टिंगलीखाली मी या माणसावर किती माया करू लागलो होतो, तेही तेव्हाच समजलं.

पुढचं हसं व्हायचं ते झालं. साप्ताहिकाने आपला मथळा विसरून निंभोरकरांवर व्यंगचित्र काढलं, घंगाळात बसलेले निंभोरकर आणि पाठ चोळणारा मी. 'आमचं संशोधन' एका रात्रीत 'त्यांचं संशोधन' झालं. वैद्याने आजोबांचं नाव मागे घेतलं. मुंबईचं पुन्हा काही आलं नाही. करीमभाईंना कुठून तरी कळलं, तर ते रडत इस्पितळात आले. निंभोरकरांनी त्यांना बसवून चहा पाजला आणि सांगितलं, तुमचं काही चुकलं नाही, मानाच्या जागी काय शिजते ते पाहायचं काम माझं होतं.

काम त्यांनी सोडलं नाही. महिन्यातून दोन रविवार घंगाळ, स्टोव्ह आणि मला घेऊन ते रेल्वेने अकोल्याला जात आणि म्हैसन्यांच्या खोलीत ताज्या मगजावर प्रयोग करत. गाडीतले लोक विचारत, वऱ्हाड कुठलं? आम्ही लग्नालाच निघालो आहोत असं त्यांना वाटे. खरे निकाल फार सुंदर नव्हते. रोगी पेशी थोड्या जास्त मरत, चांगल्या थोड्या कमी. फरक होता. पण रोगाच्या काही पेशी राहतच असाव्यात, आणि तापमान आणखी वाढवलं तर चांगल्याही जात. सुशीलाबाई त्या रविवारांना कधी आल्या नाहीत. त्या गोळ्या घेत, म्हैसन्यांना दाखवत आणि शाळेत जात, एवढं आमच्या कानांवर येई.

मग एका थंडीत त्या आपण होऊन अमरावतीला आल्या. गोळ्या चालेनाशा झाल्या होत्या. चेहरा पिवळा, पोट वर आलेलं, बरोबर वडील. मला वाटलं, बाई आता काहीतरी करा म्हणून सांगायला आल्या. त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मगज घ्या माह्या. ताजा पाह्यजे ना तुमाले? म्हनून मीच आली."

निंभोरकर म्हणाले, त्याचा तुम्हाला काही उपयोग नाही. त्या म्हणाल्या, ते मला माहीत आहे, मी शाळा शिकवते. मगज मी काढला. निंभोरकरांनी पाणी मला घालू दिलं नाही, तासभर स्वतः घंगाळापाशी उभे राहिले. रंग घातल्यावर सुशीलाबाईंनी मला पाहायचं आहे असं म्हटलं, आणि पेशंटने सूक्ष्मदर्शकात पाहणं आमच्या खात्यात कधी घडलं नसल्यामुळे मी थोडा घुटमळलो. निंभोरकरांनी त्यांचं स्टूल पुढे ओढलं आणि भिंग जुळवून दिलं.

त्या बराच वेळ पाहत राहिल्या. "हे निळे मेलेले?"

"हो."

"अन् हे बिनरंगाचे?"

"जिवंत."

"त्यातले माह्ये कोनते अन् रोगाचे कोनते?"

निंभोरकर म्हणाले, "ते मले सांगता येत नाही, बाई."

त्यांनी डोळा भिंगावरून काढला. अकोल्यातला तो दिवस मला आठवला आणि मी मनातून भ्यालो. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांनी विचारलं, "तवा मुंबईले तरी कोनाले सांगता आलं असतं?"

"नाही. कोनालेच नाही. किरनांनी तुमी गेल्या असत्या, असं मले वाटते. महिन्याभरात."

सुशीलाबाईंनी पदर नीट केला. वडिलांनी हात पुढे केला होता, तो धरून त्या सावकाश उठल्या.

"त्याच्यानंतर माह्ये तीन वर्ग पास झाले, डॉक्टरसाहेब," त्या म्हणाल्या. "पोरी जास्त होत्या."

उन्हाळा लागायच्या आत त्या गेल्या. निंभोरकर अकोल्याला जाऊन आले. मगज देऊन त्या आमच्या दाराबाहेर पडत होत्या, तेव्हा हा जाडजूड, कोणालाही दोन सुनावल्याशिवाय न राहणारा माणूस घंगाळाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी स्टोव्ह विझवायला पुढे झालो तर म्हणाले, "राहू दे, सातारकर. अजून एक नळी तापवाची हाये."